सिस्टर रात्रभर श्वास का मोजत होत्या?

प्रश्न : बोरिवलीत बहिणीच्या बाळंतपणात एपिड्युरलमधून फेंटानिल दिलं. घाटकोपरला आईचा गुडघा बदलला, तेव्हा तिला एपिड्युरलमधूनच मॉर्फिन दिलं. मग सिस्टर रात्रभर तासातासाला येऊन आईला तपासत होत्या. मॉर्फिन जास्त धोक्याचं असतं का?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : दोन्ही अफूच्याच जातीची औषधं, पण फेंटानिल चरबीत विरघळतं आणि मॉर्फिन पाण्यात. सगळा फरक इथून सुरू होतो.

एपिड्युरलची बारीक नळी मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर असते. फेंटानिल ते आवरण झटकन ओलांडतं. 5 ते 10 मिनिटांत आराम पडतो, पण दोन-चार तासांत असर ओसरतो. म्हणून कळांमध्ये ते बुपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधाच्या सौम्य द्रावणात मिसळून पंपाने देत राहतात. दुखणं कमी होतं, पाय हलवता येतात आणि जोरही लावता येतो.

मॉर्फिनला आत शिरायला अर्धा-एक तास लागतो. एकदा शिरलं की मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात ते टिकून राहतं. 2 ते 4 मिलिग्रॅमचा एक डोस 12 ते 24 तास पुरतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची पहिली रात्र किती कठीण असते हे ज्याने पाहिलंय, त्याला याचं मोल कळेल. मात्र त्याच पाण्यातून ते हळूहळू वर, मेंदूतल्या श्वासाच्या केंद्रापर्यंत पोहोचतं. त्यामुळे श्वास मंदावलाच तर सहा, बारा, कधी अठरा तासांनीही मंदावतो. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे की पहिले 12 तास दर तासाला आणि पुढचे 12 तास दर दोन तासांनी रुग्णाला तपासावं.

ऑक्सिजन लावलेला असेल तर श्वास मंदावूनही बोटावरचं यंत्र काही वेळ 97-98 दाखवत राहतं. म्हणून सिस्टर छातीची हालचाल मिनिटभर बघून श्वास मोजतात, हाक मारून ओ येते का पाहतात. गरज पडली तर नॅलोक्सोन हा उतारा असतो. असं लक्ष ठेवायला रात्री माणूसच नसेल, तिथे मॉर्फिन देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या आईच्या बाबतीत काळजी नीट घेतली गेली.

मॉर्फिनने नाक-चेहरा खाजतो, लघवी अडते, मळमळतं. फेंटानिलने हे कमी होतं. ही खाज सहसा ॲलर्जी नसते.

दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तर आई जोरात घोरते का, झोपेची गोळी घेते का, हे भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. डोस कमी करायचा की मॉर्फिन टाळायचं, हे ते त्यावरून ठरवतात.