अक्षरसाम्य आणि व्युत्पत्ती : 'वाशीम' या नामाच्या निमित्ताने

दोन शब्दांत तीच अक्षरे त्याच क्रमाने आली, की त्यांचे मूळही एकच असावे असे मानण्याची प्रवृत्ती जुनी आहे. स्थलनामांच्या अभ्यासात तर ती विशेष प्रबळ दिसते. ही प्रवृत्ती अभ्यासकाला कोठे नेते आणि तिला आवर कसा घालता येतो, याचा विचार 'वाशीम' या नामाच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम मराठीतील 'वास' हा अक्षरक्रम पाहू. 'निवास', 'प्रवास' आणि 'उपवास' हे शब्द 'वस्' म्हणजे राहणे या धातूपासून आले आहेत. 'प्रवास' म्हणजे मुळात घरापासून दूर राहणे आणि 'उपवास' म्हणजे व्रताच्या निमित्ताने अग्नीजवळ किंवा देवतेजवळ राहणे. अन्न वर्ज्य करण्याचा अर्थ त्यातून पुढे आला. 'सुवास' मधील 'वास' गंधवाचक असून वेगळा आहे. 'विश्वास' या शब्दात तीच अक्षरे दिसत असली, तरी तेथील धातू 'श्वस्' म्हणजे श्वास घेणे हा आहे. छपराचा 'वासा' हा संस्कृत 'वंश' म्हणजे बांबू यापासून आला आणि 'वासरू' हे 'वत्सरूप' या शब्दाचे मराठी रूप. एका अक्षरक्रमामागे अशी किमान पाच मुळे उभी आहेत.

रोमन लिपीत हा धोका वाढतो. ब्रिटिश कागदपत्रांत वाशीमचे नाव 'बासिम' असे लिहिले जाई आणि वसईचे 'बसीन'. १८०२ चा वसईचा तह इंग्रजी इतिहासग्रंथांत या 'बसीन' नावानेच ओळखला जातो. ब्रह्मदेशातील पथेन या बंदरालाही इंग्रजांनी हेच 'बसीन' नाव दिले होते. तिन्ही नावांच्या आरंभी 'बी', 'ए', 'एस' ही अक्षरे आहेत. तथापि वसईचे इंग्रजी रूप पोर्तुगीज उच्चारातून आले, पथेनचे ब्रह्मी नावातून आणि वाशीमचे मराठीतून. येथील साम्य लेखनाने निर्माण केलेले आहे. त्याला भाषेच्या इतिहासाचा आधार नाही.

याच्या उलट, अक्षरे जुळत नसताना मूळ एक असल्याचीही उदाहरणे आहेत. 'वत्स' म्हणजे मुळात वर्षाचे पिल्लू. 'वत्सर' आणि 'संवत्सर' हे वर्षवाचक शब्द त्याच कुळातील. लॅटिनमध्ये वासराला 'व्हिटुलुस' म्हणत. वासराच्या मांसासाठी इंग्रजीत रूढ असलेला 'वील' हा शब्द त्यापासून फ्रेंचमार्गे आला. ज्याने पुष्कळ वर्षे पाहिली तो 'व्हेटरन', हाही त्याच कुळातला. राहणे या अर्थाचा 'वस्' आणि इंग्रजीतील 'होता' या अर्थाचे 'वॉज' हे क्रियारूप यांचेही मूळ एक मानले जाते. मराठीतील 'वासरू' आणि 'निवास' दिसायला जवळचे, पण मुळाने परके आहेत. 'वासरू' आणि 'वील' दिसायला परके, पण मुळाने सगोत्र आहेत.

आता वाशीमकडे वळू. हे नाव ऐकताच 'वास', 'वसती' यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु पुरावा वेगळे सांगतो. वाशीम येथे १९३९ मध्ये सापडलेला वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट 'वत्सगुल्म' या राजधानीतून दिलेला आहे. त्यातील वंशावळीचा भाग संस्कृतात असून पुढील मजकूर प्राकृतात आहे. राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी' या प्राकृत सट्टकात 'वच्छोमी' ही काव्यरीती उल्लेखिलेली आहे. ती वत्सगुल्माची, म्हणजेच वैदर्भी रीती होय.

'वत्स' चे 'वच्छ' आणि 'गुल्म' चे 'गुम्म' होणे, तसेच दोन स्वरांमधील 'ग' चा लोप होणे हे प्राकृताच्या नियमांना धरून आहे. प्राकृत 'च्छ' चा मराठीत 'स' होतो : 'मत्स्य', 'मच्छ', 'मासा', 'कच्छप', 'कासव'. पुढे 'ई' आल्यास तोच 'श' होतो, जसे 'मक्षिका', 'मच्छिआ', 'माशी'. 'वासरू' मधील 'स' आणि 'वाशीम' मधील 'श' यांचे नाते 'मासा' आणि 'माशी' यांच्यातील नात्यासारखे आहे. म्हणजे वाशीमचा खरा आप्त 'निवास' नसून 'वासरू' आहे.

वत्स ऋषींच्या तपोभूमीची स्थानिक कथा आणि कामसूत्राच्या 'जयमंगला' टीकेतील वत्स व गुल्म या राजपुत्रांची कथा, या दोन्ही मूळ नावाचा अर्थ लावण्यासाठी रचल्या गेल्या असाव्यात. व्युत्पत्ती म्हणून त्या ग्राह्य नसल्या, तरी 'वत्स' हे पद परंपरेने विसरू दिले नाही याची साक्ष म्हणून त्यांचे मोल आहे.

राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरात लावला आहे. 'वाशीम' चा संबंध केवळ अक्षरसाम्याने 'वास' शी जोडल्यास नावातील वाकाटक राजधानी आणि वच्छोमी रीती या दोहोंची स्मृती पुसली जाते. सर्वांत जुने लिखित रूप, ध्वनिपरिवर्तनाचा नियम आणि त्या नियमाची अन्य उदाहरणे या तीन कसोट्यांवर उतरल्याखेरीज अक्षरसाम्याला पुराव्याचा दर्जा देता येत नाही.