पेशींना सुट्टी कळत नाही

प्रश्न : एम.एस्सी. (बायोटेक्नॉलॉजी) झाले आहे. खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’सारख्या कर्करोग संशोधन केंद्रात प्रकल्प सहायक म्हणून लागले, तर सुरुवातीला नेमके काय काम असते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नवे औषध शोधण्याचे स्वप्न जरा बाजूला ठेवा, आधी वाट्याला येते ती पेशींची देखभाल. इन्क्युबेटरमध्ये ३७ अंश सेल्सिअस आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडवर पेशी वाढतात. दर दोन-तीन दिवसांनी त्यांचे माध्यम बदलायचे, फ्लास्क भरत आला की पेशी विरळ करून नव्यात लावायच्या, काही द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायच्या. मग रविवार असो की गणपती.

खरा शत्रू मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू. साधे जिवाणू शिरले तर माध्यम गढूळ होते, लगेच कळते. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसल्याने पेनिसिलिन लागू पडत नाही, माध्यम स्वच्छ दिसते आणि निष्कर्ष मात्र बिघडत राहतात. म्हणून पीसीआर चाचणी नियमित करा. दुसरा घोळ सरमिसळीचा. १९५१मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कर्करुग्ण महिलेच्या गाठीतून मिळालेल्या ‘हेला’ पेशी इतक्या जोमदार, की कित्येक प्रयोगशाळांत त्या दुसऱ्याच पेशींच्या नावाने वाढत होत्या! म्हणून निर्जंतुक कामाच्या हुडमध्ये एका वेळी एकच पेशीप्रकार घ्या.

पद बहुधा कंत्राटी, प्रकल्पाच्या निधीपुरते. पीएच.डी. करायची असेल तर नेटचा अभ्यास सोडू नका. मुलाखतीत फ्लास्कला चिकटलेल्या पेशी सोडवणारे ट्रिप्सिन किती वेळ ठेवता असे विचारले, तर नुसता पाठ केलेला आकडा सांगू नका. पेशी सुटल्या का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून थांबवतो, असे सांगा.