रूळ तिथे मोटार नको

हे बघ चिमणे, तू आणि जावईबापू टूर कंपनीच्या झेंड्यामागे न धावता आपलं आपण स्वित्झर्लंड आणि इटली करायला निघालात, याचा मला मनापासून आनंद आहे. तुझी आई काळजी करत बसलीये, तिला करू दे. आयांचं ते कामच असतं. तुमचा आराखडा मी नीट बघितला. झुरिकला उतरायचं, इंटरलाकेनजवळ राहायचं, मग मिलान, फ्लॉरेन्स आणि शेवटी टस्कनीतली खेडी. छान आहे. फक्त पहिल्या दिवसापासून मोटार भाड्याने घ्यायची असं जावईबापूंच्या मनात दिसतंय, ते तेवढं गोड बोलून मोडून काढ. माझं सूत्र साधं आहे: रूळ तिथे मोटार नको, आणि मोटार तिथे शहर नको. आता सावकाश वाच.

आधी घरातल्या घरात करायच्या गोष्टी.

१. व्हिसा कुठल्या देशाचा मागायचा, हे कुठे किती रात्री राहणार ते मोजून ठरव — शेंगेनचा नियम असा की जिथे मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज. मुक्काम सारखाच असेल तर जिथे आधी पाय ठेवाल त्या देशाकडे.

२. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीसाठी एप्रिलपर्यंत थांबू नकोस — तेव्हा अख्खं मुंबई-पुणं त्याच खिडकीपाशी उभं असतं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, तो घेताना आजी-आजोबांसारखं बारीक अक्षरही वाचायचं.

३. माणशी एकच बॅग, आणि तीही आपली आपण जिना चढवता येईल एवढीच — गाडी बदलायला कधी कधी पाच-सात मिनिटंच मिळतात, आणि त्यात दोन जिने असतात. जी बॅग जिन्यावर रडवते, ती कपाटावरच शोभते.

४. भाकरवडी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी खुशाल ने. पेढे, तुपाची बरणी, सुकट मात्र घरीच राहू दे — दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला तिकडे बंदी आहे, मासळीचेही नियम वेगळे आहेत, आणि विमानतळावर वास लपत नाही.

५. दोन गोल बारीक पिनांचा चार्जर दोन्ही देशांत चालतो, आपला जाड तीन पिनांचा प्लग चालत नाही — म्हणून एक ॲडॉप्टर आणि आपल्याकडचा छोटा एक्स्टेन्शन बोर्ड घे, म्हणजे सगळे फोन एकाच ठिकाणी चार्ज होतात.

६. कार्डाने पैसे देताना मशीन विचारतं, रुपयांत की तिथल्या चलनात; दरवेळी तिथलंच चलन निवड — रुपये निवडलेस की दर त्यांचा लागतो, आणि तो महागच असतो. स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक, इटलीत युरो, हेही ध्यानात असू दे.

७. ‘युरोप सिम’ घेताना त्यात स्वित्झर्लंड आहे का हे स्पष्ट विचार — तो देश शेंगेनमध्ये आहे पण युरोपीय संघात नाही, म्हणून पुष्कळ प्लॅनमधून तो गळतो. नकाशे मात्र घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेव.

आता स्वित्झर्लंड. तिथली रेल्वे, एसटीसारखी पिवळी पोस्टबस आणि तळ्यातली बोट, सगळ्यांची वेळापत्रकं एकमेकींना जुळवलेली आहेत. गाडी स्टेशनात शिरते तेव्हा बाहेर बस उभी असते. अशा देशात मोटार घेऊन घाटातला पार्किंगचा बोर्ड शोधत बसणं म्हणजे डोळ्यांदेखत सुख सोडणं आहे.

८. ‘स्विस ट्रॅव्हल पास’ घ्यायचा की ‘हाफ फेअर कार्ड’, हे आकडेमोड करून ठरव — रोज नवं शहर असेल तर पास परवडतो. एका जागी राहून डोंगरावरच्या महागड्या गाड्या करायच्या असतील तर अर्ध्या तिकिटाचं कार्ड बहुतेक वेळा स्वस्त पडतं. युंगफ्राउयोखला पासवर वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डच्या पुढे सवलतीचं तिकीट काढावंच लागतं, तिथे पास पुरत नाही.

९. साध्या गाड्यांना आरक्षण लागत नाही, जागा दिसेल तिथे बसायचं. ग्लेशियर एक्सप्रेसला मात्र पास असला तरी आरक्षण सक्तीचं आहे. स्वस्तातलं ‘सुपरसेव्हर’ तिकीट घेतलंस तर त्याच गाडीने जावं लागतं — नेहमीच्या तिकिटावर एक गाडी चुकली तर पुढची पकडता येते, या तिकिटावर नाही.

१०. हा मुद्दा जरा लांब आहे, कारण तुम्ही नेमके तिथेच राहणार आहात. इंटरलाकेन ओस्टहून डोंगराकडे जी गाडी सुटते, ती एकच दिसते, पण असते दोन गाड्यांची जोडी. त्स्वायल्यूचिनेन नावाच्या लहानशा स्टेशनात ती मधोमध सुटते. अर्धे डबे लाउटरब्रुनेनला जातात, अर्धे ग्रिंडेलवाल्डला. म्हणून चढण्याआधी फलाटावरची ए, बी, सी अशी अक्षरं आणि डब्यावरची पाटी दोन्ही वाच — एकदा दार लागलं की पुढच्या डब्यातला नवरा एका दरीत आणि मागच्या डब्यातली बायको दुसऱ्या दरीत. चुकीच्या डब्यात बसल्याचं वाटेत कळलंच तर त्या छोट्या स्टेशनात उतरून डबा बदलायचा, घाबरायचं नाही.

११. डब्याचं दार आपोआप उघडेल म्हणून वाट बघत उभी राहू नकोस, बटण दाब — आपल्या लोकलसारखं दार उघडं नसतं, आणि गाडी कुणासाठी थांबत नाही.

१२. युंगफ्राउयोखचं तिकीट आठवडाभर आधी काढू नकोस. सकाळी उठून त्यांच्या वेबकॅमवर वरचं आकाश बघ, मगच काढ — ३,४५४ मीटरवर ढग असले तर तुम्हाला पांढरी भिंत दिसेल, आणि तिकिटाचे पैसे तेवढेच. वर पोचल्यावर पहिला अर्धा तास पळापळ नको, हवा विरळ असते. हळू चाल, पाणी पी.

१३. रविवारसाठी दूध, ब्रेड, फळं शनिवारी दुपारीच घेऊन ठेव — गावातली दुकानं रविवारी बंद असतात. अगदी अडलंच तर मोठ्या स्टेशनातलं दुकान उघडं मिळतं.

१४. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नकोस — गावोगावच्या कारंज्यांचं पाणी प्यायचंच असतं. नसेल तिथे तशी पाटी असते. इंटरलाकेनला हॉटेलवाला गेस्ट कार्ड देतो तेही मागून घे, त्यावर तिथल्या बस फुकट असतात.

१५. श्पिट्सहून मिलानला जाणाऱ्या युरोसिटीचं आरक्षण आधी कर, आणि पास असला तरी इटलीतल्या भागाचं तिकीट वेगळं काढ — पास सीमेपाशी संपतो. पासपोर्ट वरच्या रॅकमधल्या बॅगेत नाही, अंगावर ठेव. सीमेवर पोलीस डब्यात येऊन बघतात. खिडकीशी बस, पण मधला बराच वेळ बोगद्यात जातो. सिम्प्लॉनचा बोगदा १९०६ सालचा आहे आणि जवळजवळ वीस किलोमीटर लांब. तेवढ्यात डबा उघडून खाऊन घ्यावं.

इटलीत पाऊल टाकलंस की तेच रूळ, पण शिस्त निराळी. तिथे थोडी सबुरी लागते, आणि फलाटावरच्या बोर्डाकडे डोळा लागतो.

१६. बोर्डावर गावाचं नाव शोधू नकोस, गाडीचा नंबर शोध — तुम्ही फ्लॉरेन्सला उतरणार, पण बोर्डावर नापोली किंवा सालेर्नो लिहिलेलं असतं, कारण गाडी तिथपर्यंत जाते. ‘पार्तेन्झे’ म्हणजे सुटणाऱ्या, ‘बिनारियो’ म्हणजे फलाट, ‘रितार्दो’ म्हणजे उशीर. एवढे तीन शब्द पुरतात.

१७. ‘रेजोनाले’ गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटाजवळच्या यंत्रात घालून शिक्का मार, मोबाइलवरचं असेल तर चढण्याआधी चेक-इन कर — पैसे भरलेले असले तरी शिक्क्याविना तिकीट कोरं समजतात आणि दंड घेतात. वेगवान गाड्यांना हे लागत नाही, त्यांचं तिकीट ठराविक गाडीचंच असतं.

१८. जायच्या आदल्या आठवड्यात ‘शोपेरो’ म्हणजे संप आहे का ते बघ — तिकडे संपाच्या तारखा आधी जाहीर होतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ व संध्याकाळी सहा ते नऊ ठराविक स्थानिक गाड्या सोडाव्याच लागतात. त्या वेळेत निघालात की दिवस वाचतो.

१९. मिलानच्या तिकीट यंत्रापाशी न बोलावता मदतीला येणाऱ्या माणसाला हसून ‘नो, ग्रात्सिए’ म्हण आणि पर्स पुढे घे — हात मशीनवर असला की डोळा खिशावरून उडतो. बाकी लोक फार चांगले आहेत. वाट विचारलीस तर हात धरून पोचवतील.

आणि आता टस्कनी. इथे मात्र मोटार घ्या, मीच सांगते. वाल दोर्चाच्या टेकड्या, कडेला सरूची झाडं, मध्येच एखादं दगडी गाव. तिथे बस दिवसातून मोजक्या वेळा जाते, आणि खरी मजा मनात येईल तिथे थांबण्यात आहे.

२०. मोटार फ्लॉरेन्स शहरातून घेऊ नका. सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनजवळून टी-२ ट्राम थेट विमानतळावर जाते, तिथून घ्या — शहरात गाडी हातात आली की पहिल्याच वळणावर बंदीचा भाग लागू शकतो.

२१. बुकिंग करतानाच ऑटोमॅटिक गिअरची गाडी माग — तिकडे साधी गाडी म्हणजे गिअरची, आणि तो गिअर उजव्या हाताला येतो. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं, त्यावर अनामत अडवून ठेवण्याएवढी मर्यादाही हवी. दोघं चालवणार असाल तर दोघांची नावं करारात घाला.

२२. किल्ली घेतल्यावर पाच मिनिटं गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढ: चारही चाकांच्या रिमा, बंपरचे खालचे कोपरे, काच, टप, पेट्रोलचा काटा आणि किलोमीटरचा आकडा. जो ओरखडा करारावर नाही तो तिथल्या तिथे लिहून घे, परत करतानाही असाच व्हिडिओ काढ — पाच मिनिटांचा आळस, पाच महिन्यांचा पत्रव्यवहार.

२३. उजवीकडून गाडी चालवायची नवी सवय भर रहदारीत सुटत नाही, कारण समोर इतर गाड्या असतात. ती सुटते पेट्रोल पंपावरून किंवा मोकळ्या पार्किंगमधून बाहेर पडताना. म्हणून दर वेळी गाडी सुरू झाली की शेजारच्याने मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणायचं — पहिले दोन दिवस हसू येईल, पण म्हणायचंच. गोल चौकात आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, गावाबाहेर दिवसाही दिवे लावायचे.

२४. आता नीट लक्ष दे. ‘झेड-टी-एल’ म्हणजे जुन्या शहरातला मोटारींना बंदी असलेला भाग. पांढऱ्या गोलाला लाल कडा अशी पाटी असते, बाजूला कॅमेरा, आणि बरेचदा वर दिव्यांचा फलक. त्यावर ‘वार्को अत्तिवो’ उजळलं असेल तर बंदी चालू आहे, आत जायचं नाही. नकाशाच्या ॲपवर इथे भिस्त ठेवू नकोस, ते खुशाल आत नेतं. पोलीस अडवत नाही, कुणी शिटी मारत नाही. कॅमेरा नंबर टिपतो, भाड्याची कंपनी तुमचं नाव कळवायचे वेगळे पैसे कार्डावरून घेते, आणि दंड नंतर घरी येतो — परदेशातल्या पत्त्यावर नोटीस पाठवायला त्यांना ३६० दिवसांची मुदत असते.

२५. हॉटेल अशा भागात असेल तर गाडीचा नंबर आधीच कळवून त्यांच्याकडून नोंद करून घे, आणि नोंद झाल्याचा मेसेज जपून ठेव. सोपं म्हणजे गावाबाहेर लावून चालत जाणं — सान जिमिन्यानोला कोटाबाहेर वाहनतळ आहेत, सिएनाला सांता कातेरीनाच्या वाहनतळावरून सरकते जिने वर गावात नेतात. पाय दुखले तर जिलातो खा, दंड मात्र खाऊ नका.

२६. रस्त्यावरचे पट्टे वाच: पांढरा फुकट, निळा पैशांचा, पिवळा दुसऱ्यांसाठी राखलेला — पांढऱ्यातही वेळेची पाटी असू शकते, ती वाचूनच दार लाव. काचेआड काहीही ठेवू नको, रिकामी पिशवीसुद्धा नाही.

२७. टोलनाक्यावर पिवळ्या ‘टेलेपास’ रांगेत शिरू नका, आणि शिरलात तर मागे घेऊ नका. मदतीचं बटण दाबा — पावती मिळते, पैसे नंतर भरता येतात, उलट जाणं मात्र जिवावर बेतू शकतं. महामार्गावर १३० च्या वर नको, कारण दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेगही मोजतात.

२८. पंपावर ‘बेन्झिना’ म्हणजे पेट्रोल, ‘गासोलिओ’ म्हणजे डिझेल. टाकीच्या झाकणावरचं नाव आणि नळीवरचं नाव एक असल्याशिवाय भरू नकोस. ‘सेल्फ’च्या रांगेत स्वतः भरलं तर स्वस्त, ‘सेर्वितो’ला माणूस भरून देतो आणि जास्त घेतो.

२९. द्राक्षाच्या मळ्यात जो वाइन चाखेल त्याने किल्ली दुसऱ्याला द्यायची — मर्यादा लिटरभर रक्तात अर्ध्या ग्रॅमची आहे, आणि लायसन तीन वर्षांच्या आतलं असेल तर शून्य. कच्च्या पांढऱ्या रस्त्यांवर हळू चालवा, टायर आणि खालचा भाग पुष्कळदा विम्यात नसतो. काही झालंच तर ११२, तोच नंबर दोन्ही देशांत लागतो.

३०. शेवटचं, पण आधी करायचं. इटलीत आपल्या लायसनबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. भाड्याच्या काउंटरवर कुणी मागितलं नाही तरी रस्त्यावरचा पोलीस मागतो, आणि अपघातात विमा कंपनीही विचारते. ते तिकडे मिळत नाही, इथे आपल्या आरटीओतच मिळतं, आणि एक वर्ष चालतं. जावईबापूंचं मूळ लायसन कधी संपतंय ते आज रात्री बघ, आणि येत्या सोमवारी दोघांचे अर्ज भरून टाका.