दिसणारा निरोप : भ्रमणध्वनीवरील व्हिज्युअल व्हॉइसमेल

दूरध्वनीला उत्तर मिळाले नाही तर करणाऱ्याचा निरोप त्याच्याच आवाजात मुद्रित करून ठेवणारी व्हॉइसमेल ही सेवा अमेरिकेत दीर्घकाळ रुळलेली आहे. तेथील रुग्णालये, शाळा, सरकारी कचेऱ्या व नोकरी देणाऱ्या संस्था आपला निरोप या पेटीत ठेवतात आणि तो ऐकला जाईल असे धरून चालतात. भारतात ही प्रथा रुजली नाही. येथे 'मिस्ड कॉल'नेच निरोपाचे काम भागविले. त्यामुळे शिक्षणासाठी वा नोकरीनिमित्त अमेरिकेस जाणाऱ्या महाराष्ट्रातील तरुणाला ही पेटी अपरिचित असते. ती कार्यान्वित न केल्यास मुलाखतीचे बोलावणे किंवा तपासणीचा अहवाल तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

पूर्वी निरोप ऐकण्यासाठी ठराविक क्रमांक फिरवून गुप्तांक द्यावा लागे आणि निरोप एकामागून एक, आले त्या क्रमाने ऐकावे लागत. स्टीव्ह जॉब्ज यांनी ९ जानेवारी २००७ रोजी आयफोनची घोषणा केली, तेव्हा निरोपांची यादी पडद्यावर दाखविणारी व्हिज्युअल व्हॉइसमेल हे त्याचे एक वैशिष्ट्य म्हणून सांगितले होते. कोणी, केव्हा व किती वेळाचा निरोप ठेवला हे यादीत दिसते आणि हवा तो निरोप आधी ऐकता येतो. अँड्रॉइडच्या २०१५ मधील ६.० या आवृत्तीत या सेवेस मूळ फोन-आज्ञावलीतच स्थान मिळाले. मात्र यंत्रात सोय असली तरी सेवा देणे न देणे हे दूरध्वनी कंपनीच्या हाती असते. बहुतेक तक्रारींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

हे कसे घडते, ते समजून घेणे उपयुक्त आहे. उत्तर न मिळालेला कॉल कंपनीच्या जाळ्यातून निरोपपेटीच्या क्रमांकाकडे वळविला जातो व निरोप कंपनीच्या संगणकात साठतो. ओएमटीपी या प्रमाणकानुसार हँडसेट प्रथम कंपनीला एक लघुसंदेश पाठवून सेवा सुरू करण्याची विनंती करतो. उत्तरादाखल येणाऱ्या लघुसंदेशात संगणकाचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द असतो. त्यांच्या आधारे हँडसेट ई-मेल उतरवून घ्यावी त्याच पद्धतीने निरोप उतरवून घेतो. नवा निरोप आला की पुन्हा एक लघुसंदेश येतो. हे सर्व संदेश यंत्रासाठी असतात, माणसाला दिसू नयेत अशी अपेक्षा असते. एखाद्याच्या संदेशपेटीत 'व्हीव्हीएम' या अक्षरांनी सुरू होणारे अगम्य मजकूर येऊ लागले, तर कंपनी संदेश धाडीत आहे पण हँडसेटला त्यांचा अर्थ लागत नाही, असे निदान करावे. हँडसेट वा कंपनी बदलल्यानंतर हा प्रकार विशेष आढळतो.

आयफोनवर फोन-आज्ञावलीतील व्हॉइसमेल या भागात 'सेट अप नाऊ' दाबून गुप्तांक ठरवावा व स्वागताचा संदेश मुद्रित करावा. तेथे केवळ 'कॉल व्हॉइसमेल' एवढेच दिसत असेल, तर त्या जोडणीवर दृश्य सेवा दिलेली नाही असा बहुधा अर्थ होतो. अशा वेळी हँडसेटशी झटापट करण्याऐवजी कंपनीकडून ती सुविधा जोडणीवर चढवून घ्यावी. गूगलच्या फोन-आज्ञावलीत सेटिंग्जमधील व्हॉइसमेल या विभागात ही सेवा चालू करता येते.

सेवा असूनही यादी रिकामी राहत असल्यास प्रथम मोबाइल डेटा चालू आहे काय ते पाहावे. अनेक कंपन्यांच्या निरोप-संगणकापर्यंत त्यांच्याच जाळ्यातून पोहोचता येते, त्यामुळे केवळ वाय-फायवर असलेला किंवा व्हीपीएन लावलेला हँडसेट अडकून पडतो. त्यानंतर कॉल कोठे वळतो ते तपासावे. जीएसएम परंपरेच्या जाळ्यांवर *#६१# हा संकेत उत्तर न दिलेल्या कॉलचे ठिकाण दाखवितो, *#६२# फोन आवाक्याबाहेर असतानाचे आणि *#६७# फोन व्यस्त असतानाचे. तेथे भलताच क्रमांक आढळल्यास निरोप पेटीत पडणार कसा? पेटी भरलेली असेल तरीही नवा निरोप स्वीकारला जात नाही. आयफोनवर पुसलेले निरोप 'डिलीटेड मेसेजेस'मध्ये उरतात, तेथूनही ते काढावे लागतात. जाळ्याची सेटिंग्ज पूर्ववत करणे हा अखेरचा उपाय होय, कारण त्यात वाय-फायचे सर्व परवलीचे शब्द नष्ट होतात.

गुप्तांकाबाबत मात्र हयगय होता कामा नये. ब्रिटनमधील 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या साप्ताहिकासाठी काम करणाऱ्यांनी इतरांच्या निरोपपेट्या चोरून ऐकल्या. कंपनीने दिलेले मूळ गुप्तांक अनेकांनी बदललेलेच नव्हते, हे त्यांच्या पथ्यावर पडले. या प्रकरणात जुलै २०११ मध्ये ते साप्ताहिक बंद झाले. कॉल वळविण्याच्या सोयीचा दुरुपयोग भारतातही झाला. *४०१* ने सुरू होणारा संकेत फिरविण्यास सांगून ग्राहकाचे कॉल, व त्यांबरोबर बँकेचे सांकेतिक अंक, भामट्यांकडे वळविले जात. म्हणून दूरसंचार विभागाच्या आदेशाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा संकेतांद्वारे कॉल वळविण्याची सोय स्थगित करण्यात आली.

साठवणुकीचा प्रश्न सहसा उशिरा लक्षात येतो. मूळ निरोप कंपनीच्या संगणकात असतो व कंपनी बदलताच तो नाहीसा होऊ शकतो. दिवंगत आईवडिलांचा आवाज त्या एकाच निरोपात उरला असल्याची उदाहरणे थोडी नाहीत. आयफोनवर निरोप उघडून 'शेअर'चे चिन्ह दाबल्यास त्याची स्वतंत्र प्रत फाइल म्हणून ठेवता येते. जोडणी बदलण्याचा अर्ज देण्यापूर्वी हे काम उरकावे.