तत्पर नेतृत्वाची घडण : जामखेडचा धडा आणि आमची रात्रपाळी

वार्षिक अहवालात जमाखर्चाबरोबर व्यवस्थापनातील एखाद्या विषयाचे अध्ययनही असावे, अशी सूचना विश्वस्त मंडळाने केली. त्यानुसार यंदा ‘तत्पर नेतृत्व’ हा विषय आम्ही निवडला आहे. परिस्थिती पालटताच वरच्या आदेशाची वाट न पाहता योग्य निर्णय घेणारी माणसे संस्थेत कशी तयार होतात, हा यातील प्रश्न. इंग्रजीत यासाठी ‘अजाइल’ हा शब्द रूढ आहे. २००१ साली अमेरिकेत सतरा संगणकतज्ज्ञांनी एका जाहीरनाम्याद्वारे तो प्रचारात आणला आणि पुढे व्यवस्थापनशास्त्राने तो उचलला. शब्द नवा असला, तरी त्यामागील विचाराचा प्रयोग महाराष्ट्रात त्याआधी तीस वर्षे सुरू झाला होता, आणि तोही रुग्णसेवेच्याच क्षेत्रात.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड या अवर्षणग्रस्त भागात कार्यासाठी आले. प्रथम त्यांनी प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यांत ठेवून पाहिले. तो मार्ग फारसा चालला नाही. बाहेरून आलेल्या तरुण परिचारिकेला परक्या गावी एकटीने राहणे अवघड जाई आणि गावातील बायाही तिच्यापाशी मन मोकळे करीत नसत. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी आणि तिलाच शिकवावे, असे ठरले. अशा निवडलेल्या कित्येक जणी निरक्षर होत्या. काही तर गावकुसाबाहेरच्या वस्तीतून आलेल्या, ज्यांच्या हातचे पाणीही एरवी गाव घेत नसे. त्या बाळंतपणे करू लागल्या, हगवणीने सुकलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी पाजू लागल्या, क्षय आणि कुष्ठरोगाची लक्षणे ओळखू लागल्या. कोणता रुग्ण गावातच सांभाळायचा आणि कोणता तातडीने जामखेडला न्यायचा, हा निर्णयही त्यांच्याकडे आला. आमच्या मते सर्वांत मोलाचे हेच. औषधाची पेटी कोणीही देईल. निर्णय देणे जड जाते.

हे धाडस अंगावर का आले नाही, याचे उत्तर शिकवण्याच्या पद्धतीत सापडते. या स्त्रियांना एकदा प्रशिक्षण देऊन, प्रमाणपत्र हाती ठेवून, मोकळे सोडण्यात आले नाही. त्या वारंवार जामखेडला एकत्र येत. आपापल्या गावात काय घडले, काय साधले आणि कोठे चुकले, ते एकमेकींना सांगत. एकीची चूक दहाजणींचा पाठ होई. आम्ही वाणिज्य शाखेचे. अधिकार खाली देता येतो, जबाबदारी देता येत नाही, एवढे एक वाक्य पाठ करून आम्ही परीक्षा दिली. अधिकार दिल्यानंतर दर आठवड्याला काय करावयाचे, हे त्या पुस्तकात नव्हते. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ‘आशा’ नेमल्या, त्यामागेही अशाच प्रयोगांचा अनुभव होता.

आपल्या मराठवाड्यातही असे उदाहरण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. पुढे घरांच्या दुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद साहाय्यक’ म्हणून नेमण्यात आले. घरमालक आणि शासन यांच्यामधला दुवा त्या झाल्या. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा याच भागातील स्त्रिया आपला अनुभव सांगण्यासाठी गुजरातेत गेल्या.

आता आमच्या घरची गोष्ट, आणि ती आमच्या चुकीची आहे. काही वर्षांपूर्वी, एका रात्री प्रसूतीनंतर एका भगिनीचा रक्तस्राव थांबेना. गर्भाशय आकुंचन पावत नव्हते. डॉक्टरांनी उपचार सुरू केले, परंतु रक्त हवे होते आणि ते नांदेडलाच मिळणार होते. रुग्णवाहिका आवारात उभी होती. टाकीत डिझेल पुरेसे नव्हते आणि डिझेलच्या चिठ्ठीवर प्रशासकाची सही लागत असे. तो नियम आमचाच, आणि त्यामागील काटकसरीचा आम्हांस अभिमानही होता. आमचा दूरध्वनी लागेना. रात्रपाळीच्या सिस्टर आणि ड्रायव्हर यांची चाळीस मिनिटे त्यात गेली. अशा रक्तस्रावात दोन तासांतही मृत्यू ओढवू शकतो. शेवटी वॉर्डातील मावशींनी आपल्या पदराचे पैसे काढून दिले, तेव्हा गाडी हलली. ती भगिनी थोडक्यात वाचली. मावशींचे पैसे दुसऱ्या दिवशी परत करताना त्यांच्याकडे पाहणे आम्हांस कठीण गेले.

त्यानंतर रात्रपाळीच्या प्रमुख सिस्टरना तीन गोष्टी कोणासही न विचारता करण्याची लेखी मुभा दिली : रुग्णवाहिका पाठवणे, रात्रीच्या पेटीतून पाच हजार रुपयांपर्यंत खर्च करणे आणि घरी असलेल्या तज्ज्ञ डॉक्टरांना बोलावणे. सकाळी वहीत चार ओळी लिहाव्यात, एवढीच अट. दर शनिवारी ती वही सर्वांसमक्ष वाचली जाते. मावशी आणि मामाही त्या बैठकीस असतात. पहिल्याच महिन्यात एका सिस्टरने पोटदुखीचा एक रुग्ण नांदेडला धाडला आणि तो साधा अपचनाचा निघाला. ‘कारणे दाखवा’ लिहिण्यासाठी आमचा हात लेखणीकडे गेला होता, हे कबूल करतो. ती नोटीस आम्ही लिहिली नाही. शनिवारी त्या सिस्टरनेच आपणहून सांगितले, की रुग्णाला घाम फुटला होता म्हणून हृदयविकाराची शंका आली. डॉक्टर म्हणाले, त्या घामाला घाबरणे योग्यच होते; ईसीजी आधी काढला असता तर बरे झाले असते. त्या दिवसापासून ईसीजी यंत्राच्या खोलीची किल्ली रात्रपाळीकडे असते. तोवर ती आमच्या टेबलाच्या खणात असे!

लेखापरीक्षकांनी पेटीतील खर्चाला पूर्वमंजुरी नसल्याकडे लक्ष वेधले आहे. त्यांचे म्हणणे नियमास धरून आहे. म्हणून पेटीची मर्यादा आणि वहीची पद्धत यांस विश्वस्त मंडळाच्या ठरावाने मान्यता मिळावी, असा प्रस्ताव आम्ही येत्या सभेपुढे ठेवीत आहोत. औषधभांडार आणि दिवसपाळी यांना अद्याप अशी मुभा दिलेली नाही. तेथे चिठ्ठ्यांवर सह्या अजून आमच्याच होतात.