पिलांची वाढ आणि अमिनो आम्लांची पुरवणी

वेंगुर्ले तालुक्यात परसातील कोंबड्यांना मिळणारे खाद्य म्हणजे मुख्यतः भाताची कणी, कोंडा आणि घाण्यावरील खोबऱ्याची पेंड. देशी कोंबडी यावर निभावून नेते, कारण दिवसभर माड-पोफळीच्या बागेत उकरून ती किडे, गांडुळे, वाळवी टिपत असते. परंतु योजनेतून मिळालेली गिरिराज किंवा वनराजा यांसारखी सुधारित जातीची पिले खुराड्यात बंद ठेवून त्यांना हेच खाद्य दिले, की काही आठवड्यांतच त्यांची वाढ खुंटते, पिसे विरळ राहतात, आणि पावसाळी रोगांना ती प्रथम बळी पडतात. दोष मात्र जातीला दिला जातो. लाभार्थी कुटुंबाचे पैसे बुडतात आणि ग्रामपंचायतीच्या सभेत योजनाच निरुपयोगी ठरते. वस्तुतः खाद्यात उणीव असते ती प्रथिनांच्या एका घटकाची.

प्रथिने सुमारे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांनी बनलेली असतात. त्यांतील निम्मी प्राण्याचे शरीर स्वतः तयार करू शकत नाही किंवा पुरेशी तयार करू शकत नाही. ती खाद्यातूनच यावी लागतात. छापखान्यात मजकूर जुळवताना एका अक्षराचे खिळे संपले, तर बाकीच्या अक्षरांची पेटी भरलेली असूनही काम थांबते. शरीरातही तसेच घडते. सर्वांत अपुऱ्या पडणाऱ्या अमिनो आम्लापाशी वाढ थांबते आणि उरलेली अमिनो आम्ले जाळली जाऊन त्यांतील नत्र विष्ठेवाटे बाहेर पडते. दमट हवेत खुराड्याला येणाऱ्या उग्र वासात या वाया गेलेल्या नत्राचा वाटा असतो.

अमेरिकेतील ऑसबर्न आणि मेंडेल या शास्त्रज्ञांनी 1914 च्या सुमारास उंदरांच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांतून ही गोष्ट स्पष्ट झाली. गव्हातील ग्लायडिन हेच एकमेव प्रथिन दिलेली पिले जगली, पण वाढली नाहीत. त्यात लायसीन मिसळताच वाढ पुन्हा सुरू झाली. मक्यातील झेईनवर तर लायसीन आणि ट्रिप्टोफॅन दोन्ही द्यावी लागली. तांदळातही लायसीनच प्रथम कमी पडते. खोबऱ्याच्या पेंडीत प्रथिने 20 टक्क्यांच्या आसपास असली, तरी तीही लायसीनच्या बाबतीत दुबळीच. म्हणजे कोकणातील दोन मुख्य खाद्यवस्तूंचे वैगुण्य एकच आहे, आणि एक दुसरीची उणीव भरून काढू शकत नाही.

हिशोब करून पाहिल्यास हे अधिक पटेल. अंडी देणाऱ्या जातीच्या पिलांना पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे 18 टक्के प्रथिने आणि 0.85 टक्के लायसीन असलेले खाद्य लागते. मांसल जातीच्या पिलांची गरज याहून जास्त असते. 60 भाग कणी आणि 40 भाग पेंड यांच्या मिश्रणात सुमारे 13 टक्के प्रथिने व 0.4 टक्के लायसीन मिळते. पेंड वाढवून 80 भाग केली, तर प्रथिने 18 टक्क्यांपर्यंत जातात, पण लायसीन 0.5 टक्क्यांपाशीच अडते. शिवाय चोथा वाढतो, तो वेगळाच. उलट 60 भाग कणी, 30 भाग पेंड आणि 10 भाग चांगल्या सुक्या मासळीचे पीठ घेतले, तर प्रथिने 16 टक्केच राहतात, परंतु लायसीन 0.7 टक्क्यांवर पोहोचते. प्रथिने कमी असूनही हे तिसरे खाद्य पिलांना अधिक मानवते.

ही पुरवणी वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरच मिळते, मात्र ती पारखून घ्यावी लागते. खारवलेली मासळी पिलांना मुळीच देऊ नये. तिच्यातील मिठाने पिले दगावतात. मीठ न लावता, वाळूवर न पसरता सुकवलेली बारीक मासळीच घ्यावी. जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असते आणि वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भागात साठवण अवघड असते; म्हणून मे महिन्यातच ती खडखडीत वाळवून हवाबंद डब्यात भरणे श्रेयस्कर. भुईमुगाची बुरशी धरलेली पेंड तर टाळावीच. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची हजारो पिले अशाच पेंडीतील विषाने मेली होती.

बाजारातील लायसीन आणि मेथिओनीनच्या भुकटीचा उपयोग मोठ्या कुक्कुटशाळांत व वराहपालनात होतो. तेथे ती योग्य प्रमाणात मिसळून खाद्यातील प्रथिने दोन-तीन टक्क्यांनी कमी करता येतात आणि वाढीत उणेपणा येत नाही. त्याखाली गेल्यास मात्र इतर अमिनो आम्ले अपुरी पडू लागतात. प्रमाण चुकले तर पिले खाद्यच कमी खातात, आणि मेथिओनीनचा अतिरेक विशेष घातक ठरतो. दहा-वीस पिले पाळणाऱ्या घरी ग्रॅमच्या मापाने ही भुकटी मिसळणे व्यवहार्य नाही. तेथे सुकी मासळीच बरी.

कुळथाचे स्थान येथे निराळे आहे. त्यात लायसीन भरपूर, मेथिओनीन कमी. तांदळात नेमके उलट. भाताबरोबर कुळथाची पिठी खाण्याच्या मालवणी रिवाजाला त्यामुळे आहारशास्त्राचाही आधार आहे, आणि शिक्षकांना हा धडा वर्गात शिकवण्यास याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

शेळ्या-गुरांना मात्र हा नियम जसाच्या तसा लागू नाही. कोकण कन्याळ शेळीचे करडू वा गाईचे वासरू पहिले काही आठवडे दुधावरच वाढते, आणि त्या काळात दूध तोडले तर ती हानी पेंडीने भरून निघत नाही. पुढे कोठीपोट कार्यक्षम झाले, की तेथील सूक्ष्म जीव चाऱ्यातील नत्रापासून स्वतःची प्रथिने बनवतात व तीच जनावराच्या उपयोगी पडतात. अशा जनावराला साधी मेथिओनीनची भुकटी चारल्यास तिचा बहुतांश भाग कोठीपोटातच विघटित होतो.