यंत्रावरचा भूप

स्नेहसंमेलनात डिस्को वाजला की काही पालक व विश्वस्त नाराज होतात. हा पाठ त्यांच्यासाठीही आहे.

मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्को तालात बसवले. यमन, मालकंस, भूप, सगळे शुद्ध शास्त्रीय राग! टीबी-३०३ या यंत्रात सूर घसरवण्याची सोय आहे, त्यामुळे मींड थोडीफार साधते. तबल्याचा गोडवा मात्र यंत्राला नाही, असे आमचे मत. तबकडी तेव्हा खपली नाही. याच यंत्रावर शिकागोचे 'अ‍ॅसिड हाऊस' १९८७ मध्ये गाजले, आणि सिंगांची तबकडी २०१० साली पुन्हा निघाल्यावर जगाचे लक्ष तिच्याकडे गेले.

भूपात म आणि नी वर्ज्य. आधी पेटीवर सा रे ग प ध वाजवा, मग तबकडीतला भूप ऐका. म कुठे लागतो का, ते वहीत लिहून आणा.